विजेच्या गिटारीचा स्वच्छ स्वर

गणेशोत्सवात, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जत्रेतल्या ऑर्केस्ट्रात विजेची गिटार आता आपल्या चांगल्या परिचयाची झाली आहे. शहरात शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत येताना ती घेऊन येतो. एखाद्या शाळेला माजी विद्यार्थी ती भेट देतात. मग ती मिळेल त्या लाउडस्पीकरला जोडली जाते, आणि पुष्कळदा एकच तक्रार कानी येते : "हिचा आवाज पत्र्यावर खडे पडल्यासारखा येतो!" कुणी म्हणतं ती घुमते, कुणी म्हणतं फाटते, कुणी म्हणतं वाजवलं नाही तरी गुणगुणते. आईबापांना वाटतं, वाद्यच हलकं पडलं, आणखी पैसे घालून भारी घ्यायला हवं होतं.

खरं पाहता ह्यांतला बराचसा दोष वाद्याच्या किमतीत नसतो. तो जोडणीत असतो, जुळवणीत असतो आणि वाजवणाऱ्याच्या हातात असतो. गाठीचे पैसे न मोडता तो कसा दूर करता येईल ते आज पाहू. ह्या वाद्याशी जिवाच्या सुरक्षिततेचाही एक प्रश्न निगडित आहे. तो विषय शेवटी घेणार आहे. पण शेवटी घेतला म्हणून त्याचं महत्त्व कमी, असं कृपा करून समजू नका.

आधी 'स्वच्छ स्वर' म्हणजे काय ते ठरवू या. तार जशी हलली तसाच स्वर कानी पडावा, मधल्या यंत्रांनी पदरचं काही घालू नये, हा झाला स्वच्छ स्वर. सहाही तारा एकदम छेडल्या तरी प्रत्येक तार वेगळी ओळखू यावी. हलक्या हाताला हलका स्वर, जोराच्या हाताला जोराचा. रॉक संगीतात मुद्दाम फाटका, खरखरीत स्वर वापरतात. तोही एक रंग आहे आणि त्याचे रसिकही आहेत. पण भावगीत, प्रार्थना किंवा समूहगीत ह्यांच्या साथीला तो चालत नाही, कारण तो गाण्याचे शब्द झाकून टाकतो. साथ करणाऱ्याचं पहिलं काम गाणाऱ्याचा शब्द ऐकू येऊ देणं हे आहे.

आता हे वाद्य कसं बोलतं ते पाहू. तंबोऱ्याला भोपळा असतो, सतारीला असतो, साध्या गिटारीला त्याच जागी लाकडाची पोकळ पेटी असते. नुसती तार हवा फारशी हलवू शकत नाही; ती घोडी हलवते, घोडी पेटीला हलवते आणि पेटी हवेला. घन गिटारीला हा भोपळाच नाही. तिचं अंग म्हणजे भरीव लाकडाची फळी. विजेशिवाय वाजवली तर शेजारच्या खोलीतसुद्धा नीट ऐकू जायची नाही. कोणी विचारील, मग भोपळा काढून टाकण्यात काय शहाणपण?

ह्याचं उत्तर गावच्या सभेत सापडतं. माईक कर्ण्यासमोर आला की एकदम शिटी वाजू लागते. माईकमधला आवाज कर्ण्यातून येतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणि हे चक्र वाढत जातं. पोकळ गिटार मोठ्या आवाजाच्या लाउडस्पीकरसमोर नेली की तिची पेटी त्या आवाजानं आपोआप थरथरू लागते आणि तीही अशीच हंबरते. पाश्चात्त्य नृत्यवृंदांतल्या गिटारवादकांची ही मोठीच अडचण होती. फळी भरीव केली की हे पुष्कळच टळतं. शिवाय तारेची शक्ती पेटी हलवण्यात खर्च होत नाही, म्हणून तार अधिक वेळ झणकारत राहते.

ही कल्पना अमेरिकेत हळूहळू आकाराला आली. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी १९३१-३२ च्या सुमारास ओतीव ॲल्युमिनियमची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची विजेची गिटार केली. तिचा आकार लांब दांड्याच्या तव्यासारखा, म्हणून लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. १९४० च्या सुमारास लेस पॉल नावाच्या वादकाने न्यूयॉर्कमध्ये चार इंच चौरस लाकडाच्या ओंडक्यावर तारा चढवल्या, आणि दिसायला गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना पोकळ गिटारीचे दोन तुकडे जोडले. पुढे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावच्या लिओ फेंडर ह्यांनी १९५० मध्ये घन गिटार कारखान्यात बनवून विकायला सुरुवात केली. तीच १९५१ पासून 'टेलिकास्टर' नावाने प्रसिद्ध झाली. १९५४ मध्ये त्यांची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. आकाशवाणीच्या श्रोत्यांना गंमत वाटेल अशी गोष्ट म्हणजे हे फेंडर गिटारवादक नव्हतेच. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं! आपल्याकडे मुंबईत व्हॅन शिप्ली ह्यांनी विजेची हवाईयन गिटार वाजवून हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्या काढल्या, त्या पुष्कळांनी ऐकल्या असतील.

भोपळा नाही, तर मग तारेचं म्हणणं ऐकतं कोण? ते काम पिकअप करतो. तारांच्या खाली जी लांबट डबी बसवलेली दिसते तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. चुंबकामुळे वरची पोलादी तार स्वतः किंचित चुंबकी होते. ती हलली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकी क्षेत्र कमीजास्त होतं आणि वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. मायकेल फॅरडे ह्यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेला हा नियम. सायकलचा डायनॅमो त्याच नियमावर चालतो. तार सेकंदाला ११० वेळा हलली तर वीजही ११० वेळा मागेपुढे होते.

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. शंभर-दोनशे वेढ्यांचं वेटोळं गॅल्व्हानोमीटरला जोडून त्यात लोहचुंबक झटकन आतबाहेर करा. काटा डावीउजवीकडे झुकतो. चुंबक स्थिर धरला की काटाही स्थिर. दुसरा प्रयोग त्याहून सोपा आहे. गिटारीची पोलादी तार, तंबोऱ्याची पितळी तार आणि नायलॉनची तार ह्या तिन्ही चुंबकाजवळ न्या. पहिलीच ओढली जाते. म्हणूनच पितळी किंवा नायलॉनच्या तारा चढवल्या तर पिकअपला त्या ऐकूच येत नाहीत. बाजारातून तारा आणताना "इलेक्ट्रिक गिटारीच्या" असं स्पष्ट सांगून आणाव्यात. साध्या गिटारीच्या तारांवर जो पितळ-काशाचा वेढा असतो त्यामुळे जाड तारांचा स्वर दबका येतो.

एवढं समजलं म्हणजे पुढच्या गोष्टी आपोआप उलगडत जातात. आपण तारेपासून सुरुवात करू आणि स्वर ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं लाउडस्पीकरपर्यंत जाऊ.

तारा जुन्या झाल्या की त्यांवर घाम आणि धूळ बसते, गंज चढतो. अशा तारेची कंपनं लवकर विरतात आणि स्वर मातकट येतो. कोकणासारख्या दमट हवेत तर हे फार लवकर घडतं. वाजवून झालं की प्रत्येक तार कोरड्या सुती फडक्यानं वरून आणि खालून पुसावी. हा नेम पाळला तर तारा अधिक दिवस चालतात. फार बारीक तारांचा स्वर किरटा येतो. पहिली तार इंचाचा दहा हजारांश भाग, असं कोणी म्हणेल तर ऐकू नका. ती इंचाच्या दहा सहस्रांश, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीची असते. त्या मापाचा संच नवशिक्याला बेताचा पडतो. बोटं तयार झाली की किंचित जाड तारा घेऊन पाहाव्यात. स्वराला अंग येतं.

त्यानंतर तारांची उंची. तार पडद्याच्या फार जवळ आली की हलताना पडद्यावर आपटते आणि झरझर असा आवाज येतो. तंबोऱ्यात आपण घोडीवर दोरा सरकवून जवारी मुद्दाम काढतो, कारण तिथे ती स्वराची शोभा आहे. गिटारीत मात्र तसली झरझर स्वच्छ स्वराच्या आड येते. सतराव्या पडद्यावर तार सुमारे दीड मिलिमीटर उंच असली म्हणजे सर्वसाधारणपणे ठीक. घोडीवरच्या बारीक स्क्रूंनी ही उंची कमीजास्त करता येते. ज्याला हात जोरात चालवायची सवय आहे त्याने ती थोडी अधिक ठेवावी.

मग सूर. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत सहा तारांचे स्वर ई, ए, डी, जी, बी, ई असे लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपनं करते, सर्वांत बारीक ३३० च्या आसपास. सूर जुळवून देणारी साधनं आता मोबाइलवरही फुकट मिळतात. परंतु मोकळी तार सुरात लागली तरी पुढचे पडदे बेसूर बोलतात, हा अनुभव पुष्कळांना येतो. त्याची परीक्षा अशी : मोकळी तार छेडा, मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडा. दुसरा स्वर पहिल्याच्या बरोबर दुप्पट, म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर यायला हवा. तो चढा आला तर घोडीवरचा त्या तारेचा ठोकळा मागे सरकवून तारेची लांबी वाढवायची. उतरता आला तर पुढे सरकवायचा. दर वेळी मोकळी तार पुन्हा सुरात लावून मगच परीक्षा घ्यायची. एका स्क्रू-ड्रायव्हरचं आणि अर्ध्या तासाचं हे काम आहे. स्वच्छ स्वराच्या वाटेवर ह्याच्याइतकं लाभाचं काम दुसरं क्वचितच सापडेल.

आता पिकअपची उंची. पिकअप जितका तारेजवळ तितका आवाज मोठा, म्हणून मुलं तो वर उचलून ठेवतात. पण चुंबक फार जवळ आला की तो तारेला ओढू लागतो. तारेला मोकळेपणी हलता येत नाही, स्वर थरथरतो, एका स्वरात दोन स्वर मिसळल्यासारखे वाटतात. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपसाठी साधारण प्रमाण असं आहे : तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरली असता बारीक तारेच्या बाजूला सुमारे २ मिलिमीटर आणि जाड तारेच्या बाजूला सुमारे २.४ मिलिमीटर अंतर असावं. आवाज थोडा कमी येईल. तो पुढे ॲम्प्लिफायरमध्ये वाढवता येतो. गमावलेली स्वच्छता मात्र पुढे कुठेच परत मिळत नाही.

बहुतेक गिटारींना दोन किंवा तीन पिकअप असतात आणि त्यांतला कोणता चालू ठेवायचा हे ठरवायला एक खटका असतो. घोडीजवळ तार थोडीच हलते आणि तिथे बारीक उपस्वरांचा वाटा अधिक असतो, म्हणून घोडीजवळच्या पिकअपचा स्वर पातळ आणि धारदार येतो. दांडीजवळ तार अधिक झोका घेते, म्हणून तिथला स्वर गोल आणि भरदार. गाण्याच्या साथीला दांडीजवळचा पिकअप, किंवा दोन पिकअप मिळून, असं ठेवून सुरुवात करावी. हाच नियम नखीलाही लागू आहे. घोडीजवळ छेडलं की स्वर कडक, दांडीकडे सरकलं की मऊ. एक पैसा खर्च न करता केवळ हात चार बोटं सरकवून स्वर बदलता येतो, हे पुष्कळांच्या ध्यानातच येत नाही.

हाताबद्दल आणखी दोन गोष्टी. पहिली, नखी घट्ट आवळून तारेवर हाणू नये. तार फार ताणून सोडली की क्षणभर तिचा सूरही चढा होतो. दुसरी, ज्या तारा वाजवायच्या नाहीत त्या गप्प ठेवायच्या. उजव्या तळव्याची कड आणि डाव्या हाताची मोकळी बोटं हलकेच टेकवून हे साधतं. एक तार छेडली की बाकीच्याही थोड्याथोड्या हलतात, आणि विजेच्या गिटारीत तो कुजबुजाटही मोठा होऊन ऐकू येतो. फाटक्या, गर्जणाऱ्या स्वरात हाताचे किती तरी दोष बुडून जातात. स्वच्छ स्वरात ते सारे उघडे पडतात. म्हणूनच शिकणाऱ्याने सराव स्वच्छ स्वरातच करावा. इंग्लंडचे मार्क नॉफ्लर ह्यांचं 'सुल्तान्स ऑफ स्विंग' हे १९७८ चं गाणं मिळाल्यास अवश्य ऐका. त्यात नखी वापरलेली नाही, नुसती बोटं आहेत. आणि एकेक स्वर कसा मोत्यासारखा सुटा येतो ते पाहा.

गिटारीतून स्वर केबलमध्ये शिरतो. केबल जितकी लांब तितके वरचे बारीक स्वर वाटेत गळतात. तेव्हा पाच-सहा मीटरांहून लांब केबल गरज नसताना घेऊ नये. गिटारीवरचं व्हॉल्यूमचं बटण बरंच खाली आणलं की स्वर जरा मंद पडतो, तोही ह्याच जातीचा प्रकार आहे. टोनचं बटण आधी पूर्ण उघडं ठेवावं आणि कानाला टोचलं तरच थोडं मागे घ्यावं.

आता ॲम्प्लिफायर. स्वर फाटतो तो बहुधा इथेच, आणि का फाटतो ते शेतकऱ्याला चटकन समजेल. धान्याचं माप भरताना वर शीग येते. मापाबाहेरची ती शीग हातानं पुसून काढली की वरचा भाग सपाट होतो. ॲम्प्लिफायर हेही एक माप आहे. त्याच्या आवाक्यापेक्षा मोठी लाट आत आली की लाटेचा माथा असाच कापला जातो. माथा कापलेल्या लाटेत तारेनं न काढलेले नवे स्वर उत्पन्न होतात. त्यालाच आपण फाटका आवाज म्हणतो. एक तार वाजवली तर हे सोसवतं. पण चार-पाच तारा एकदम वाजवल्या की त्यांच्या कंपनांच्या बेरजा-वजाबाक्यांतून परकेच स्वर निघतात आणि सारा गोंधळ होतो.

पुष्कळ ॲम्प्लिफायरांना दोन बटणं असतात. एक गेन आणि दुसरं मास्टर किंवा व्हॉल्यूम. जुन्या काळच्या मोटेच्या विहिरीवर पाणी आधी थारोळ्यात पडे आणि तिथून पाटाला लागे. थारोळंच भरून वाहू लागलं तर पाट कितीही रुंद असून काय उपयोग? गेन म्हणजे थारोळ्यात पडणारं पाणी, मास्टर म्हणजे पाटाचं दार. म्हणून आधी गेन अगदी खाली ठेवा आणि मास्टर वाढवा. मग तारा जोरात छेडत गेन हळूहळू चढवा. खरखर जाणवू लागली की तिथून थोडं मागे या. तीच तुमच्या वाद्याची स्वच्छतेची हद्द.

ॲम्प्लिफायर किती वॅटचा घ्यावा, हाही प्रश्न नेहमी येतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते. त्यामुळे २० वॅट हे १० वॅटच्या दुप्पट मोठे ऐकू येत नाहीत. फरक थोडासाच पडतो. घरी सरावाला आणि वर्गात साथीला १० ते १५ वॅट पुरेत. उघड्या मैदानावर स्वच्छ स्वर हवा असेल तर मात्र माप मोठं लागतं, म्हणजे शीग पुसली जात नाही. स्वच्छ स्वराबद्दल नावाजलेले दोन ॲम्प्लिफायर, १९६३ चा फेंडर 'ट्विन रिव्हर्ब' आणि १९७५ चा जपानी रोलँड 'जॅझ कोरस', हे दोन्ही ह्याच कारणासाठी मोठ्या शक्तीचे केले गेले. आपल्याला ते विकत घ्यायची गरज नाही. लहान ॲम्प्लिफायर असला तर त्याच्यासमोर माईक ठेवून सभेच्या लाउडस्पीकरवर आवाज वाढवता येतो. माईक जाळीपासून दोन-तीन बोटांवर, स्पीकरच्या बरोबर मध्यावर न धरता जरा कडेला धरावा. मध्यावर स्वर फार टोचरा येतो.

खर्ज, मध्य आणि तीव्र, म्हणजे बास, मिडल आणि ट्रेबल, ही तिन्ही बटणं मध्यावर ठेवून सुरुवात करावी. एका वेळी एकच बटण फिरवावं आणि प्रत्येक वेळी थांबून ऐकावं. पत्र्याच्या छपराच्या सभागृहात आवाज आधीच घुमतो. तिथे बास कमी करावा आणि कृत्रिम प्रतिध्वनी, ज्याला रिव्हर्ब म्हणतात, तो जवळजवळ बंद ठेवावा. ॲम्प्लिफायर कोपऱ्यात जमिनीवर ठेवला की बास फुगतो. तो बाकावर ठेवा. वाजवणारा त्याच्या वर उभा असतो म्हणून त्याला तीव्र स्वर कमी ऐकू येतात. तो ट्रेबल वाढवतो आणि पुढे बसलेल्यांचे कान किटतात. दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगून आपण स्वतः श्रोत्यांत जाऊन ऐकावं, हा सर्वांत चांगला उपाय.

गिटार थेट सभेच्या मिक्सरला जोडली तर स्वर पत्र्यासारखा का येतो? ह्याची दोन कारणं. गिटारीचा पिकअप फार क्षीण. त्याला दहा लाख ओहमच्या आसपास रोध असलेलं तोंड लागतं. साध्या मिक्सरच्या तोंडाचा रोध त्यामानानं फार कमी, त्यामुळे स्वर दबतो, त्याचा जीव जातो. शिवाय गिटारीचे स्पीकर सुमारे पाच हजार कंपनांच्या वरचे स्वर फारसे काढीतच नाहीत. सभेचे कर्णे मात्र तेही काढतात, आणि नखीचा नुसता खडखडाट ऐकू येतो. त्यासाठी मध्ये डी.आय. बॉक्स नावाची छोटी पेटी लावावी आणि मिक्सरवर तीव्र स्वर कमी करावेत. मिरवणुकीतल्या बेंजोला, म्हणजे आपल्या बुलबुलतरंगाला, पिकअप लावून जे वाजवतात त्यांनाही ह्यांतले बरेचसे नियम जसेच्या तसे उपयोगी पडतील.

आता गुणगुण. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० फेरे घेते. ट्यूबलाइटचा चोक, पंख्याचा रेग्युलेटर, मोटार, ट्रान्सफॉर्मर ह्यांच्याभोवती तिचं चुंबकी क्षेत्र पसरलेलं असतं, आणि पिकअपचं वेटोळं तेही पकडतं. एकाच जागी उभं राहून गिटारीचं तोंड हळूहळू फिरवा. एका दिशेला गुणगुण पुष्कळ कमी होते. ट्यूब बंद करा, ॲम्प्लिफायरपासून दोन पावलं दूर व्हा, मोबाइल खिशातून काढून ठेवा. अमेरिकेतल्या गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर ह्यांनी १९५५ मध्ये ह्यावर दुहेरी वेटोळ्याचा पिकअप शोधला. दोन्ही वेटोळ्यांत गुणगुण उलटसुलट शिरते आणि रस्सीखेचीत दोन्ही बाजू सारख्या पडाव्यात तशी जागच्या जागी विरते. तारेचा स्वर मात्र दोन्हींत मिळून वाढतो. त्याला हंबकर म्हणतात. त्याचा स्वर जरा जाड आणि मोठा असतो, म्हणून त्याच्याशी गेन आणखी कमी ठेवावा.

आणि आता ती महत्त्वाची गोष्ट. तारांना हात लावला की गुणगुण कमी होते, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याचं कारण, गिटारीच्या तारा आतून ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला आणि तिथून अर्थिंगला जोडलेल्या असतात. अर्थिंग ठीक असेल तर ही जोडणी संरक्षक आहे. पण अर्थिंग तुटलेली असेल आणि आत कुठे बिघाड झाला, तर तीच वीज तारांत येते, आणि वाजवणाऱ्याचा हात तारांवरच असतो. त्यातच त्याचे ओठ माईकला लागले तर वीज हातातून शिरून ओठांतून, छातीच्या मार्गाने निघते. 'स्टोन द क्रोज' ह्या वृंदाचे तरुण गिटारवादक लेस्ली हार्वे मे १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्सी शहरी रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माईकला हात लागून मरण पावले. श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात हे घडलं.

म्हणून काही नियम कडक पाळावेत. तीन पायांच्या प्लगचा तिसरा पाय कधीही तोडू नये. गुणगुण जावी म्हणून कुणी अर्थ काढायला सांगितलं तर ऐकू नये. आकडा टाकून घेतलेल्या विजेवर वाद्य लावू नये. माईक आणि गिटार ह्यांचे ॲम्प्लिफायर शक्यतो एकाच, अर्थिंग तपासलेल्या बोर्डावरून चालवावेत. जनरेटर असला तर त्याचीही अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवलेला असावा, गळती झाली की तो क्षणार्धात वीज तोडतो. माईकला किंवा तारांना हात लागताच मुंग्या आल्यासारखं वाटलं तर "थोडंसं झालं" म्हणून पुढे वाजवू नका. लगेच थांबा, मुख्य बटण बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओल्या जमिनीवर, पावसात, अनवाणी वाजवू नये. आणि व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर बंद केल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात, म्हणून तो घरी उघडू नये. शाळेत कार्यक्रम असेल तर ही तपासणी मुलं येण्यापूर्वी, सकाळीच, शिक्षकांनी आपल्या समोर करून घ्यावी.

कार्यक्रमाच्या दिवशी क्रम असा ठेवा : आधी अर्थिंग पाहा. मग तारा पुसून सुरात लावा आणि बाराव्या पडद्याची परीक्षा घ्या. गेन खाली, बाकीची बटणं मध्यावर ठेवा. एका मुलाला गायला उभं करा आणि दुसऱ्याला साथ करू द्या. तुम्ही सभागृहाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसा. गाण्याचा प्रत्येक शब्द तिथपर्यंत पोचत असेल आणि गिटारीच्या तारा सुट्या सुट्या ऐकू येत असतील, तर काम झालं. मग बटणांना हात लावू नका. शब्द बुडत असतील, तर पहिल्यांदा आवाज थोडा कमी करा आणि पुन्हा ऐका.